पाच गुरुवार

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर २०२४च्या चतुर्थीच्या बाजाराची यादी आहे: गूळ, नारळ, हळदीची पानं, चण्याची डाळ, माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती पानाफळांची चौकट) सुंभ. पान उलटलं की धाकट्या भावाच्या जुलाबाची मापं सुरू होतात, मिलिलिटरमध्ये. रुग्णालयात धावताना हाताला लागली ती वही मी पिशवीत टाकली होती, म्हणून हे असं.

त्याला घरात सगळे बाबू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. २०२३च्या अखेरीस बाबूला रक्ताचा कर्करोग निघाला, एएमएल. केमो झाली, रोग दबला. पण गुणसूत्रांच्या तपासणीत जे दिसलं त्यावरून नुसत्या केमोवर विसंबता येणार नाही, बोनमॅरो बदलावा लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तिघं भावंडं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दादाचं जुळलं नाही, माझं जुळलं. मग पाच दिवस इंजेक्शनं, कंबरेची हाडं आतून ठणकायची, आणि शेवटी दोन्ही हातांत सुया घालून चार तास यंत्राशेजारी पडून राहणं. १८ मे २०२४ला माझ्या पेशींची पिशवी त्याला चढवली. टोमॅटोच्या पातळ साराच्या रंगाची, हातात मावेल एवढी. त्या दिवसाला शून्य म्हणतात आणि तिथून पुढे माणसाचं वय दिवसांत मोजतात. त्याचा रक्तगट बी होता, माझा ओ. काही महिन्यांत तोही ओ झाला. ‘ताई, भाऊबीजेला आता मी तुला काय घालू, रक्त पण तुझंच,’ म्हणायचा.

सह्या घेण्याआधी डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर तीन चित्रं काढून दाखवली होती: हात (म्हणजे त्वचा), यकृत, आतडं. नव्या पेशींना हे शरीर परकं वाटलं तर त्या बहुतेक या तीन ठिकाणी चाल करतात. त्याला जीव्हीएचडी म्हणायचं. आमच्या बाबांनी हयातभर मानकुराद आंब्याची कलमं बांधली. कलम जगत नाही, सुकतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. कलमाने खुंटालाच खाल्लं असं काही ऐकलं नव्हतं. डॉक्टर असंही म्हणाले की देणारी बाई आणि घेणारा पुरुष असेल तर धोका थोडा वाढतो, त्यातून तिची बाळंतपणं झालेली असतील तर आणखी थोडा. मुलगा पोटात असताना आईच्या पेशी पुरुषाच्या पेशी वेगळ्या ओळखायला शिकलेल्या असतात. मला दोन मुलगे. ‘थोडा’ म्हणजे किती, हे विचारायचं त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी सही केलीच असती.

अंगावर जरासं लाल उमटलं तर आम्हाला फार वाईट वाटत नाही, असंही ते म्हणाले होते. त्याच पेशी उरलासुरला कर्करोगही खातात. म्हणजे भांडण हवं, पण घर जाळेपर्यंत नको.

२६ ऑगस्टला शंभर दिवस झाले. नव्या पेशींना आवरून धरणाऱ्या सायक्लोस्पोरिनचा डोस हळूहळू उतरवायला घेतला होता. चतुर्थीला घरी जायची परवानगी मिळाली, अटींसकट, आणि आम्ही गोव्यात मोपाच्या विमानतळावर उतरून डिचोलीला आलो. अटी अशा की गर्दीत बसायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, माटोळीखाली जायचं नाही. रानातल्या पानाफळांवरची बुरशी निरोगी माणसाला काही करत नाही, याला करू शकते. माटोळीला टांगलेलं पपनस तर दोन कारणांनी वर्ज्य, कारण ते सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढवतं. बाबू आरतीला दर वर्षी घुमट वाजवणारा. या वर्षी आतल्या खोलीत मास्क लावून बसला आणि खिडकीच्या फळीवर बोटांनी ताल धरला. ७ सप्टेंबर, ११२वा दिवस. त्याने गरम खतखतं खाल्लं आणि एक पातोळी.

दुसऱ्या दिवशी तळहात लाल. ‘तव्याला हात लागल्यासारखं वाटतं,’ म्हणाला. मग कानांच्या पाळ्या. आईने दृष्ट काढली. ९ तारखेला पोट सुटलं आणि सगळं घर त्या पातोळीकडे बघायला लागलं. हळदीच्या पानाने असं होतं का, खोबरं जुनं होतं का, ती पातोळी वाफवली कोणी, इथपर्यंत. जवळच्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि ओआरएस लिहून दिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चतुर्थीच्या आठवड्यात त्यांच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस पोट बिघडलेलाच असतो. चुकलं माझं. मुंबईहून निघताना दिलेला कागद कपाटात होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: अंगावर पुरळ, डोळे पिवळे, जुलाब, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच फोन. तीन दिवस तो कागद कपाटात आणि मी पातोळीच्या मागे. ११ तारखेच्या रात्री त्याच्या तळहाताचा फोटो वॉर्डच्या नंबरवर पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: सकाळची वाट बघू नका, तिथेच दाखल करा, आम्ही तिथल्या डॉक्टरांशी बोलतो.

१२ सप्टेंबर, गुरुवार. पणजीजवळच्या रुग्णालयात त्याचं पहिलं मोजमाप झालं. पुरळ अंगाच्या पाव भागाहून कमी. बिलिरुबिन ठीक, म्हणजे यकृत वाचलेलं. चोवीस तासांतले जुलाब ११५० मिली, हिरवट, पाण्यासारखे. पाचशेच्या आत असेल तर आतड्याचा टप्पा शून्य, हजारापर्यंत पहिला, दीड हजारापर्यंत दुसरा, त्याच्या वर तिसरा. आतडं दुसऱ्या टप्प्यावर गेलं की त्वचा कितीही बरी असो, एकूण ग्रेड तीन. चारात तीन. सीएमव्ही विषाणूची तपासणी गेली, जंतूंसाठी शौचाचा नमुना गेला, दुर्बीण घालून आतड्याचे तुकडे घेतले. पण निकालासाठी कोणी थांबलं नाही. त्याच संध्याकाळी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, किलोमागे २ मिलिग्रॅम. बाबूचं वजन ५८.

रात्री मुंबईच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, बरा होईल ना. त्या म्हणाल्या, ‘आजच्या त्याच्या अवस्थेवरून मी काही सांगणार नाही. औषधाला तो काय उत्तर देतो त्यावर सांगेन. पुढच्या गुरुवारी थोडं कळेल. नीट कळेल १० ऑक्टोबरला.’

मला ते टाळाटाळीचं वाटलं. मग त्यांनी समजावलं. या आजारात पहिल्या दिवशी दोन माणसं सारखीच दिसतात, ग्रेड तीच, जुलाब तेवढेच. एक स्टेरॉइडवर आठवड्यात सावरतो, दुसरा नाही. स्टेरॉइड सुरू केल्यापासून २८व्या दिवशी जे सावरलेले असतात, पूर्ण किंवा अर्धे, त्यांचं पुढचं बरंचसं ठीक जातं. जे नसतात त्यांचं अवघड होतं. मी विचारलं, ‘अवघड म्हणजे?’ त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अवघड म्हणजे अवघड. पण आज पहिला दिवस आहे.’

तेव्हापासून वहीत गुरुवार लाल शाईने लिहायला लागले.

मापाबद्दल सांगायला हवं, कारण ते कुणी शिकवत नाही. कमोडवर ठेवायचं खुणांचं प्लास्टिकचं भांडं मिळतं. त्यात फक्त जुलाब यायला हवेत, लघवी वेगळी धरायला हवी. सांगायला सोपं, पण रात्री तीन वाजता थरथरणाऱ्या माणसाला हे कसं जमावं? चौथ्या दिवशी मी दमून बाकावर झोपले आणि भावजयीने दोन वेळचं एकत्रच मोजलं. बेरीज आली १७३०. सकाळी फेरीला आलेल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. तिसरा टप्पा, म्हणजे स्टेरॉइड चालू असताना वाढ, म्हणजे औषध हरलं असं तीन-चार दिवसांतच म्हणायची वेळ. ते मुंबईला फोन लावायला वळले तेवढ्यात भावजय रडत म्हणाली, त्यात लघवी पण होती हो. त्या दिवसाचा आकडा खोडला आणि दोघींनी पाळ्या लावून घेतल्या. त्या खोडलेल्या आकड्यावर एका माणसाची औषधं बदलणार होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. रुग्णालयात यंत्रं लाखांची, आणि सगळा निर्णय अडलेला तो चाळीस रुपयांच्या भांड्यापाशी.

स्टेरॉइडने माणूस वेगळाच होतो. साखर साडेतीनशेवर गेली, इन्सुलिन लागलं. झोप नाही. पहाटे दोनला उठून जेवणाच्या ट्रेवर घुमटाचा ताल, शेजारच्या खाटेवरचे म्हातारे काका शिव्या घालायचे आणि मग पाचव्या मिनिटाला स्वतःच आरती म्हणायला लागायचे.

पाचव्या दिवसापर्यंत पुरळ गेलं. तळहात पूर्वीसारखे. आईला व्हिडिओवर हात दाखवला, तिने देवाला नारळ ठेवला, दादाने सगळ्या नातेवाइकांना कळवलं की उतार पडला. चेहरा गोल झाला होता तो सुद्धा लोकांना तब्येत सुधारल्यासारखा दिसत होता. वहीत मात्र: शुक्रवार ११८०, शनिवार १२२०, रविवार १२००, सोमवार खोडलेला, मंगळवार ११६०, बुधवार ११९०.

१९ सप्टेंबर, दुसरा गुरुवार. ११४०. आठवडाभराच्या स्टेरॉइडने दहा मिली कमी.

बायोप्सीतही जीव्हीएचडी पक्कं झालं होतं. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, ‘त्वचेने उत्तर दिलं, आतड्याने नाही. आणि जीव आतड्यात असतो.’ सात दिवसांत फरक नाही म्हणजे ‘स्टेरॉइड-रिफ्रॅक्टरी’. त्याच दिवशी रुक्सोलिटिनिब सुरू झालं. बुरशीविरुद्धचं औषध चालू होतं, त्याने याची पातळी चढते म्हणून डोस निम्मा, ५ मिलिग्रॅम दोनदा. गोळी मसुराच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. किंमत ऐकून दादा बाहेर जाऊन उभा राहिला. ती गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

त्या रात्री मी ते केलं जे करू नये म्हणतात. फोनवर वाचत बसले. मी शाळेत गणित शिकवते, आकडे वाचायची भीती नाही असं मला वाटायचं. अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी २०१० साली ८६४ रुग्णांचा हिशेब मांडला होता. २८व्या दिवशी ज्यांच्यात काहीच प्रतिसाद नव्हता, ते दोन वर्षांच्या आत प्रत्यारोपणाच्याच त्रासाने जाण्याचा धोका प्रतिसाद असलेल्यांच्या २.७८ पट. ‘अवघड म्हणजे अवघड’चा अर्थ पावणेतीन पट. मग रुक्सोलिटिनिबचं वाचलं. स्टेरॉइडला दाद न देणारे ३०९ रुग्ण, निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना डॉक्टरांना योग्य वाटेल ते दुसरं. २८व्या दिवशी प्रतिसाद ६२ टक्क्यांत, दुसऱ्या गटात ३९. २०२०चा अभ्यास. म्हणजे बाबूला हे दहा वर्षं आधी झालं असतं तर या गोळीचं नाव कुणी घेतलं नसतं.

६२ वाचून हायसं वाटलं. मग ३८ दिसले. वर्गात मुलांना मी हेच शिकवते, शंभरातून वजा करा. त्या रात्री शिकवलेलं नको झालं.

दुसऱ्या दिवशी इथल्या तरुण डॉक्टरांना गाठून विचारलं, हा २८ आला कुठून, २७ का नाही, ३० का नाही? ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, फार लवकर बघितलं तर फसगत होते, पहिल्या आठवड्यात सुधारून पुन्हा ढासळणारे असतात. फार उशिरा बघितलं तर मध्येच संसर्ग होतो, डोस बदलतात, कशामुळे काय झालं ते कळत नाही. चार आठवडे हा मधला मुक्काम. नवी औषधं तपासतानाही हाच दिवस धरतात, वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागू नये म्हणून. मी विचारलं, मग प्रतिसाद मिळाल्यामुळे माणूस वाचतो, की जो वाचणारच असतो त्याला प्रतिसाद मिळतो? ते म्हणाले, ‘बाई, दोन्ही. किती कशामुळे ते वेगळं काढता आलं असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.’ आतड्याला किती इजा झालीय ते रक्तातल्या दोन प्रथिनांवरून आधीच ओळखण्याच्या तपासण्या निघाल्यात, एकीचं नाव एसटी-२, असंही त्यांनी सांगितलं. आमच्या बाबतीत ती झाली नाही. आमचं सगळं भांड्यावर.

याच दिवसांत मला स्वतःच्या हातांचा राग यायला लागला होता. डाळ गाळताना, केस विंचरताना मनात यायचं की यातल्याच पेशी तिकडे त्याचं आतडं सोलतायत. कुणाला सांगितलं नाही. बाबूलाच कळलं असावं. एका संध्याकाळी सलाइनचा हात वर करून म्हणाला, ‘ताई, लहानपणी पण तू मला असंच मारायचीस. मग आईकडे जाऊन म्हणायचीस, त्यानेच भांडण काढलं.’ मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले.

२६ सप्टेंबर, तिसरा गुरुवार: ८१०. पहिला टप्पा. एक टप्पा खाली आलं की त्याला आंशिक प्रतिसाद म्हणतात. त्याच दिवशी सीएमव्हीचा रिपोर्ट वाईट आला. स्टेरॉइड आणि ही गोळी मिळून पेशींना गप्प बसवतात आणि मग झोपलेला विषाणू उठतो. त्यावर गॅन्सिक्लोविर. त्याने आणि रुक्सोलिटिनिबने मिळून प्लेटलेट ३८ हजारांवर आणल्या. एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर येतं, हे दहा दिवस चाललं. वहीत त्या पानांवर कॉफीचे डाग आहेत, दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना, चौथा गुरुवार: ६४०. पहिल्यांदा रंग हिरवा नव्हता. स्टेरॉइड थोडं उतरवलं.

आता पाचवा. आतड्याचा आकडा एका दिवसाचा धरत नाहीत, तीन दिवसांची सरासरी काढतात, हे तोवर मला ठाऊक झालं होतं. ८ तारखेला ५५०, ९ला ५१०. १० ऑक्टोबरला सकाळी सहाला शेवटचं माप घेतलं. ५००. सरासरी ५२०. पाचशेच्या आत आलं असतं तर टप्पा शून्य, पूर्ण प्रतिसाद. वीस मिली. एक मोठा चमचा आणि वर थोडं. मी पेन घेऊन त्या भांड्यासमोर उभी होते आणि खरं सांगते, मनात आलं. भांडं जरा तिरकं धरलं तर रेघ वेगळी दिसते. वहीत काय लिहायचं ते माझ्याच हातात होतं. आयुष्यभर मुलांच्या पेपरात अर्धा गुण इकडेतिकडे केला नाही म्हणून बोलणी खाल्लेली मी. वहीत ५०० लिहिलं, खाली बेरीज, भागिले तीन.

डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवलं. वीस मिलीने राहिलं, असं म्हणताना आवाज गेला. पलीकडे त्या चक्क हसल्या. ‘पूर्ण आणि आंशिक, दोन्ही माझ्या एकाच बाजूच्या रकान्यात आहेत,’ म्हणाल्या. ‘प्रतिसाद आहे. त्या वीस मिलीचं मी बघते. तुम्ही झोपा.’

झोपले नाही. बाबूला सांगायला गेले तर तो ढाराढूर झोपलेला, महिन्याभरात पहिल्यांदा. शेजारचे काका तोंडावर बोट ठेवून मला म्हणाले, उठवू नका हां, तुमच्या पाया पडतो.

१७ ऑक्टोबरला, नव्या गोळीला चार आठवडे झाले तेव्हा, भांड्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. घट्ट शौच, लिहिलंय तारखेसकट, आणि त्याभोवती चौकोन. २२ला घरी सोडलं. स्टेरॉइड थेंबाथेंबाने उतरवत जानेवारीत थांबलं, गोळी त्यानंतरही चालू राहिली. राहिला तो दोन वर्षांचा हिशेब. त्यासाठी मी वहीत पान राखून ठेवलेलं नाही.

दिवाळीत गावातल्या पोरांनी नरकासुर जाळला तो त्याने गच्चीवरून, मास्क लावून बघितला. ३ नोव्हेंबरला भाऊबीज. पाटावर बसला, मी ओवाळलं, त्याने ताटात एक पाकीट टाकलं. आत पैसे नव्हते, नवं मापाचं भांडं घ्यायची चिठ्ठी होती, दुकानाच्या पत्त्यासकट. सगळे हसत असतानाच तो उठायला गेला आणि उठता येईना. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू गेले होते. मी एका बाजूने धरलं, त्याच्या लेकीने दुसऱ्या बाजूने, आणि तिने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन.